भोकाचा रुपया

रविवार, संध्याकाळ. पाथरी.

आज गिऱ्हाइकासमोर मी वडलांनाच खोटं पाडलं. तरी मनातून लय भारी वाटायलंय. असं वाटावं का?

अण्णांचा तो भोकाचा रुपया. पाकिटावर 'टांकसाळीची चूक' असं लिहून वर्षानुवर्षं अख्ख्या गावाला दाखवत आले. आज पालमचे एक नाणी जमवणारे तो विकत घ्यायला आले. अण्णांनी रुपया अन् भिंग माझ्या हातात दिलं. "तू नाणी पारखायला शिकलीस ना? बघ अन् खरं सांग."

बघितलं. भोकाची कड एका बाजूनं आत दबलेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर उचललेली. म्हणजे नाणं छापून झाल्यावर कुणीतरी खिळा ठोकलाय. शिवाय कडेचा वरचा भाग दोऱ्यानं झिजून गुळगुळीत. कुण्या लेकराच्या कमरेच्या करगोट्यात ओवलेलं नाणं हे!

गप्प बसले असते तर? सौदा तर ठरलाच होता. पण ती कड डोळ्यांपुढून हलेना.

"अण्णा, टांकसाळीची चूक न्हाई ही. भोक नंतर पाडलंय."

पाहुणे हसले. "पोरीला काय कळतंय?"

"कळतंय म्हणूनच तिच्या हातात दिला," अण्णा म्हणाले. "आता विकायचा न्हाई."

पाहुणे गेल्यावर अण्णांनी पाकिटावरची ओळ खोडली. खाली सावकाश लिहिलं, 'करगोट्याचं नाणं. पारखणारी: माझी लेक.'

आणि चपला घालून, तेच पाकीट शेजाऱ्यांना दाखवायला निघाले.