एका ‘आता’ची जागा

७ जानेवारी, बुधवार

नाही चालली! संघाच्या मेल-सर्व्हरच्या जुन्या मशीनवरची डव्हकॉटची फाइल नव्यावर जशीच्या तशी ठेवली, तर पहिल्याच ओळीवर अडून बसला. डव्हकॉट म्हणजे आलेली मेल ज्याच्या त्याच्या खणात टाकणारा आणि मागितली की काढून देणारा. मशीन चालवणारी प्रणाली डेबियन, जुन्यावर तिची दहावी आवृत्ती, नव्यावर तेरावी. मधल्या पायऱ्या मी आळसाने चढले नाही, आता भोगा! तेरावरच्या डव्हकॉटला आधी सांगायचं की ही फाइल कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली आहे, मगच महाराज पुढचं वाचणार. काय तोरा!

महिपतराव डोकावून गेले. संघाचे अध्यक्ष, दार वाजवायची पद्धत नाही. “तेजस्वी, फेब्रुवारीत पहिल्या पेट्या जायच्या. वाशीच्या ऑर्डरी मेलवर येतात. त्याच्या आत झालं पाहिजे.” झालं पाहिजे म्हणे! अख्ख्या आंबा बागायतदार संघात कॉम्प्युटरवाली मी एकटी. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी माझ्याच नावाने हाक.

घरी आले तर आप्पा ओटीवर बसलेले. “आलं का गो काही?”

“नाही आप्पा.”

परत पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा धरलेला होता.

८ जानेवारी

इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. नाताळच्या सुमारास आप्पांनी दादाला मेल केली. स्वतः! ऑफिसात येऊन, मला माझ्याच खुर्चीतून उठवून, एका बोटाने. दादा — अजिंक्य — कोचीनला जहाजांच्या कारखान्यात आहे. तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मुलगी आपल्यातली नाही म्हणून आप्पा गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून दादा आम्हा दोघांचा फोन उचलत नाही. माझा नंबर तर ब्लॉकच करून टाकलाय. आप्पांना व्हॉट्सअॅप नको — “सकाळी उठून कोण कोणाचे सुविचार वाचील!” सभासद म्हणून संघाने दिलेला मेलचा पत्ता तेवढा त्यांचा.

“काय लिहिलंत?” मी विचारलं.

“ये म्हणून लिहिलं. आणखी काय लिहायचं असतं?”

इतक्या वर्षांत तोंडातून न निघालेला शब्द. माझा बाप वाकणारा माणूस नव्हे, वाकला. आणि दादाचं उत्तर यायचं ते याच सर्व्हरवर, जो मी सगळा उसवून बसलेय. भीती वाटते खरं सांगायचं तर.

१२ जानेवारी, सोमवार

गुहागरच्या शाखेत जाऊन आले. तिथला कॉम्प्युटर विंडोज सातचा. नवा सर्व्हर ज्या कुलपातून बोलतो त्याची किल्लीच त्याच्याकडे नाही. म्हणजे एक तर सर्व्हरचं कुलूप साध्यातलं करा, नाही तर मशीन बदला. शाखेच्या सगुणाताई मधे हात आडवा घालून उभ्या. “ह्याला हात लावू नका हां बाई. हा चालतो!” चालतो म्हणजे सुरू होतो, एवढंच. शेवटी ब्राउझरमधून मेल बघायची सवय लावून दिली. ताईंनी पाटावर बसवून सोलकढी पाजली आणि जाताना परत — “पण तो जुना आवाज येत नाही हो मेल आल्याचा.”

१३ जानेवारी

चिपळूणला विंडोज दहा. सुरळीत झालं. विश्वास बसेना म्हणून दोनदा बघितलं.

१६ जानेवारी

चुकीच्या पत्त्यावर मेल आली की सर्व्हर ती पाठवणाऱ्याला परत धाडतो, वर इंग्रजीत खरड. ती बघून लोक मला फोन करतात — “बाई, व्हायरस आलाय.” पोस्टफिक्स म्हणजे सर्व्हरच्या दारातला पोस्टमन, त्यात हा मजकूर मराठीत घालता येतो. घातला: “हा पत्ता अस्तित्वात नाही.”

महिपतराव भडकले. “हे काय रेशन दुकानावरच्या पाटीसारखं! कोणी बाग विकतो, कोणी संघ सोडतो, त्यांच्याच नावाने असल्या मेली येतात ना? मग तसं आदराने लिही की!” बसले शेजारी खुर्ची ओढून. घासूनपुसून झालं ते हे —

“कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आपण ज्यांना पत्र पाठविले ते सभासद आता नाहीत. आपला स्नेह असाच राहावा.”

खाली तो तो पत्ता आपोआप येतो. महिपतराव खूश. “याला म्हणतात मराठी!” मीही खूश, एक काम संपलं.

१९ जानेवारी

आप्पांनी आज विचारलंच नाही. विचारतात ते बरं, असं वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

बदललं! संध्याकाळपासून सगळी मेल नव्या मशीनवर. माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल टाकली, क्षणात आली. महिपतरावांनाही त्यांच्या अध्यक्षाच्या पत्त्यावर आली. पेढे आणा म्हटलं तर म्हणाले, आंबा येऊ दे.

२१ जानेवारी

कुठे तोंड लपवू!

सकाळी ऑफिसात शिरतेय तोच फोन. महिपतरावांनी घेतला. पलीकडे वाशीचा व्यापारी. एवढं ओरडत होता की मला दारात ऐकू येत होतं — “अहो महिपतराव गेले म्हणे! परवा तर बोललो त्यांच्याशी! केव्हा झालं?”

“कोण गेले? मीच बोलतोय!”

पलीकडून नुसतं ‘राम राम राम’. मग फोन ठेवला गेला. मला वाटतं माणूस घाबरला.

मग लागली रीघच. आत्माराम सावंतांच्या सुनेला माहेरून रडारडीचा फोन — सासरे गेले आणि कळवलं नाहीत! सासरे अंगणात भाकरी खात बसलेले. धाकू नाईकांच्या दारात तर दोघे जण हार घेऊन आले. धाकूकाका म्हणे हार बघून म्हणाले, “ठेवा ठेवा, फुकट जायचा नाही.”

झालं होतं ते एवढंच. ऑफिसचे पत्ते एका यादीत, सभासदांचे दुसऱ्या; महिपतराव दोन्हीकडे. मी तपासली ऑफिसची यादी. सभासदांच्या यादीच्या ओळीत दहाच्या काळातली टक्क्याची खूण तशीच राहिली. तेराच्या डव्हकॉटला ती कळत नाही, नाव महिरपी कंसात लागतं. म्हणजे कुठल्याही सभासदाचं नाव घ्या, उत्तर एकच: असा कोणी नाही. आणि मग पोस्टफिक्स आमचं ते आदराचं मराठी जोडून मेल परत पाठवणार. ओळ सुधारायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

महिपतरावांनी तो मजकूर मोठ्याने वाचला तेव्हा कुठे माझ्या कानात पडलं. “ते सभासद आता नाहीत.” अहो, मला म्हणायचं होतं — “ते आता सभासद नाहीत”! एक ‘आता’ जागचा हलला आणि अख्खा संघ सरणावर. वर आणि “अत्यंत खेद”! महिपतराव माझ्याकडे बघत राहिले आणि मग जे हसत सुटले, डोळ्यांतून पाणी. मीही हसले. हसू आवरत नव्हतं.

मग म्हटलं, कुणाकुणाला गेलं ते बघू, एकेकाला फोन करून माफी मागू. लॉग, म्हणजे सर्व्हरची आवक-जावकीची वही, उघडला. व्यापारी, जावई, खतवाले, एक शाळा. खाली सरकत गेले.

काल रात्री आलेली मेल. कोचीनच्या कारखान्याचा पत्ता. कोणाला — आप्पांना. परत पाठवली.

दादाने उत्तर दिलं होतं. आणि मी त्याला कळवलं, की बाप गेला.

२२ जानेवारी

दादाचा फोन बंद. आप्पा ठणठणीत आहेत अशी मेल काल लगेच टाकली, दोनदा टाकली. उत्तर नाही. शेवटी कारखान्यात फोन लावला. कोणीतरी बाई होती, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलली. “अजिंक्य सर लीव्ह पर हैं. फादर एक्स्पायर्ड ना? सो सॉरी मॅडम.” मी तिला थँक्यू म्हटलं! दुसरं काही सुचलंच नाही.

आप्पांना सांगितलं. सगळं सांगितलं, टक्क्याच्या खुणेसकट. त्यांनी ते सगळं बाजूला सारलं.

“म्हणजे लिहिलंन त्याने?”

“हो आप्पा.”

“उत्तर लिहिलंन!” असं म्हणून उठले, पडवीत दोन येरझाऱ्या घातल्या, परत येऊन बसले. चेहरा लहान पोरासारखा. मग हळूहळू उतरला तो.

“म्हणजे आता येतोय तो मी मेलो म्हणून.”

मला रडू फुटलं. म्हटलं, आप्पा, माझं चुकलं. तर माझ्यावरच ओरडले. “रडतेस काय! घरात कोण मेलंय? उद्या बाजारातून बांगडे आण चांगले. गाडी उतरून येईल तेव्हा तव्यावर असूं देत. सुतक नाही ते त्याला गल्लीच्या तोंडाशीच कळेल.”

२३ जानेवारी, शुक्रवार

आला.

मी चुलीपुढे होते. वास गल्लीभर सुटला होता, पण दादाला काही कळलं नाही — किंवा कळलं ते भलतंच. फाटकातूनच ओरडला, “लाज नाही वाटत? बाप जाऊन तीन दिवस नाही झाले आणि मासे तळताय!”

मी बाहेर धावले. दादाचं डोकं पूर्ण भादरलेलं. मिशी नाही. डोळे सुजलेले. खांद्याला एक पिशवी, बाकी काही नाही. आणि ओटीवर, झोपाळ्यावर, त्याच्या समोर आप्पा. दादा पायरीवर होता तिथेच थिजला.

आप्पा म्हणाले, “केस बरे होते तुझे.”

दादा खांद्यावरची पिशवी काढून पायरीवर बसला. मग माझ्याकडे वळून एक सणसणीत शिवी हासडली. एवढ्या वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मला कोण आनंद झाला!

आप्पा खाली उतरले, त्याच्या शेजारी बसले. त्याच्या गोट्यावरून हात फिरवला. बापासाठी डोकं भादरलेला मुलगा स्वतः बघायला कोणाला मिळतो! बांगडे करपले.

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, “सुनेला बोलाव. मी आहे तोवर.” दादाने मान हलवली, बायकोला फोन लावायला अंगणात गेला.

२४ जानेवारी

सकाळी विहिरीवर दादा एकटा होता. विचारलं, आप्पांना उत्तरात काय लिहिलं होतंस?

त्याने कळशी पुरती भरून घेतली. मग म्हणाला, “येणार नाही, माझी वाट बघू नका.”

आप्पा सकाळपासून मागे लागलेत, परत गेलेली ती मेल कुठून तरी काढून दे, त्यांना वाचायची आहे. म्हटलं, आप्पा, नव्या मशीनवर ते होत नाही.