एकोणतीस फेब्रुवारीचे आम्ही चौघे

२ जानेवारी १९४०, भिंगार.
नगरच्या कापडबाजारातल्या दुकानातून रेकॉर्ड कंपनीचं नवं कॅलेंडर मिळालं. प्रत्येक तारखेखाली त्या दिवशी जन्मलेल्या कलावंतांची नावं बारीक टाइपात. फेब्रुवारीचं पान उघडलं आणि अंगावर काटा आला. २९ तारखेला तीन नावं: गायिका रत्नप्रभाबाई शेवगावकर, तबल्याचे उस्ताद बुऱ्हाणखाँ, आणि कंपनीच्या रेकॉर्डिंग खात्याचे प्रमुख आप्पासाहेब दिघे. गाणारी आहे, ठेका देणारा आहे, रेकॉर्ड काढणारा आहे. पेटीवाला तेवढा नाही.
माझा जन्म २९ फेब्रुवारी १९०४. शाळेच्या दाखल्यावर तसं आहे.
चौथं नाव शाईने लिहिलं. गोरक्षनाथ कळमकर, हार्मोनियम. जागा पुरली नाही, ‘नियम’ १ मार्चात गेलं.
संकल्प: रोज पहाटे पाच ते सात प्रॅक्टिस.

५ जानेवारी.
पहाटे थंडी फार. थंडीत पेटीचे सूर बिघडतात. प्रॅक्टिस संध्याकाळी ठेवली.

६ जानेवारी.
दिवसभर मिलिटरीच्या गोदामात कांबळ्यांचे गठ्ठे तपासले. नाकातोंडात लोकर. अशा स्थितीत कलेची सेवा होत नाही. रविवारी एकदम चार तास करीन.

९ जानेवारी.
आप्पासाहेब दिघ्यांना पत्र टाकलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आगाऊ कळवल्या. आपण चौघे एका तारखेचे, हा केवळ योगायोग नव्हे, असं लिहिलं. माझ्या पेटीचाही उल्लेख केला. ओझरता. दीड पान.

२१ जानेवारी.
रिप्लाय आला! छापील लेटरहेडवर!
पत्रात बराचसा भाग पीरमहंमद यांच्याबद्दल आहे. रत्नप्रभाबाईंच्या नव्या रेकॉर्डी निघणार आहेत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या साथीला भिंगारचे पीरमहंमद सारंगीवर होते. बाईंचा हट्ट आहे की सारंगी त्यांचीच हवी. ते अजून वाजवतात का, एवढं चौकशी करून कळवावं.
पीरमहंमद आमच्या मागच्या गल्लीत राहतात. हल्ली गाद्या भरतात. म्हातारा एवढा मोठा असेल असं कधी वाटलं नाही. त्यांच्या घरावरून जाताना सारंगी ऐकू येते, पण मला वाटे कुणीतरी रेकॉर्ड लावली आहे.

२२ जानेवारी.
आप्पासाहेबांना उत्तर लिहिलं. पीरमहंमद थकले आहेत, बोटं चालत नाहीत, गाद्या भरून पोट भरतात. बाईंना सारंगीऐवजी पेटीची साथ चालणार असल्यास प्रस्तुत पत्रलेखक उपलब्ध आहे.
यात खोटं काही नाही. गाद्या ते भरतातच. त्यांच्या बोटांना कापूस चिकटलेला मी स्वतः पाहिला आहे. कापूस चिकटलेली बोटं सारंगीवर कशी चालतील?
पत्र घरात हिला वाचून दाखवलं. आमच्या हिचं नाव लंकाबाई, चौथी पास. ती भाकरी थापत राहिली. रागावली असावी, पण कारण कळलं नाही.

४ फेब्रुवारी.
आप्पासाहेबांचं कार्ड. पीरमहंमदांच्या बोटांबद्दल फार वाईट वाटलं म्हणतात. २९ तारखेला नगरवरून जाणार आहेत, अर्धा तास भिंगारला येऊन माझी पेटी ऐकतील.
कार्ड तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा पहिलं वाक्य सोडून.

११ फेब्रुवारी, रविवार.
२९ तारखेला अंगणात जलसा ठेवला आहे. आईला त्यासाठी बोलवायला शेवगावकडे गावी गेलो. माझ्या वाढदिवसाचं सांगितलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, “फेब्रवारी कसली? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झालास तू. बैलांच्या शिंगाचा रंगबी उडाला नव्हता. मास्तरानं तारीक इचारली, मला ठावं न्हवती, मग त्यानंच काय ते लिवलं.”
आईला इंग्रजी महिने कळत नाहीत. सरकारी दाखला तो सरकारी दाखला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणते कलावंत जन्मले, हे कॅलेंडरमध्ये पाहिलं नाही. गरज नाही.

२० फेब्रुवारी.
पीरमहंमद रस्त्यात भेटले. स्वतःहून थांबले. जलसा करताय असं कळलं, म्हणाले, छान आहे. मी घाईत आहे असं सांगितलं. घाई नव्हती. पुढच्या वळणावर उभा राहून ते जाईपर्यंत थांबलो.
आप्पासाहेबांना खरं कळवावं का? आता पत्र वेळेत पोहोचायचं नाही. नऊ दिवस आहेत, पण टपालाचं काही सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी.
एकूण प्रॅक्टिस: सहा तास. मनातल्या मनात केलेली धरून अकरा.

२९ फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी साडेसात.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
हाफ डे घेतला. चार वाजता आप्पासाहेब टांग्याने आले. साधा माणूस, खादीची टोपी. अंगणात सतरंजी, वीस-पंचवीस माणसं. मी पेटी पुढे घेतली आणि पाहिलं, तर मागे लिंबाखाली पीरमहंमद बसलेले, मांडीवर कापडात गुंडाळलेली सारंगी. त्यांना हिने बोलावलं होतं.
तरी सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला पट्टी चुकली. सावरायला गेलो तर लय सुटली. कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यानंतर पुढचं काहीच आठवेना. भाता तेवढा हलवत राहिलो.
तेवढ्यात मागून सारंगी आली. मी जिथे चुकलो होतो, नेमका तोच सूर तिने उचलला, जणू तो तसाच हवा होता. मला हाताला धरून नेल्यासारखं दोन आवर्तनं नेलं. मग माझी पेटी केव्हा थांबली, मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. सारंगी चालू राहिली. आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
संपल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला नाव विचारलं. नाव ऐकून माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्ही तर लिहिलं होतं, यांची बोटं चालत नाहीत.”
आई बघत होती.
पीरमहंमद सारंगी कापडात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “बरोबर लिहिलं, साहेब. थंडीत आखडली होती. आता ऊन पडलं.”

१ मार्च.
ऑफिसला गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.
पट्टी चुकली ती नव्या सतरंजीमुळे. बैठक उंच-सखल होती.
हे खोडणार होतो. राहू दे.

२ मार्च.
हिला विचारलं, त्यांना का बोलावलंस? ती म्हणाली, तुमचं पत्र मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. मला ते घरात ठेवून झोप येईना.
म्हणजे महिनाभर त्यांना ठाऊक होतं. रस्त्यात थांबले तेव्हाही ठाऊक होतं. लिंबाखाली बसले तेव्हाही. मी विचारलं, मग काय म्हणाले? ती म्हणाली, काही नाही. त्यांनी चहा केला, मी प्याले, आले.

५ मार्च.
पीरमहंमद घरी आले. कंपनीचं बोलावणं आलं आहे, उत्तर लिहून हवं. लिहिणारे भिंगारात पुष्कळ आहेत. माझ्याकडेच आले.
त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. येतो म्हणावं. बाईंना सलाम सांगावा. पत्र वाचून दाखवलं. माफी मागायची होती. विचारलं, चहा घेणार का.
चहा झाल्यावर दारापर्यंत गेलो. तिथे थांबून ते म्हणाले, “पेटी सोडू नका, गोरक्षनाथ. फक्त, लोक बसलेले नसताना वाजवा. स्वतःला ऐकू येईल.”
मी हो म्हणालो.
संध्याकाळी ही आईला पोचवायला गेली. घरात कुणी नव्हतं. पेटी पुढे ओढली, झाकण काढलं, एक सूर दाबून धरला.
ऐकू आला. झाकण लावलं.