पहिले चुकीचे उत्तर

२० जानेवारी २०२५, सोमवार
धनलक्ष्मी सिद्धेश्वर हत्तुरे, तुझा अर्थशास्त्राचा वर्ग आजपासून माझ्याकडे, तुझ्या नवऱ्याकडे, आला. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली. तू या जगात नाहीस, हे मात्र संपत नाही. तुझ्या खोलीत प्रत्येक बाकावर उत्तराचे रिमोट आहेत. मुलांनी अ, ब, क, ड यांपैकी बटण दाबले, की पडद्यावर पट्ट्या उभ्या राहतात. कोणी काय दाबले ते कळत नाही. प्राचार्य म्हणाले, "शुक्रवारी तपासणी समिती येते आहे. पडदा भरलेला आणि उत्तरे बरोबर दिसली, तर खोली राहील. नाहीतर परीक्षा विभागाला देतो, हत्तुरे सर."
खोली राहिली पाहिजे. फळ्याच्या कोपऱ्यात तुझे अक्षर अजून आहे.

२१ जानेवारी
प्रश्न वाचून होताच कोणीतरी चुकीचे बटण दाबते. प्रत्येक वेळी. टवाळी असावी. रागावलो. थकलो.

२२ जानेवारी
तासानंतर दुधनीची काशम्मा थांबली. "सर, रागवू नका. मॅडमच दाबायच्या की ते, रिमोट वर धरून. पहिलं चुकीचं उत्तर त्यांचं. मग आमाला चुकायचं भ्या वाटायचं न्हाय. आता आमी पाळीपाळीनं दाबतो."
तू हे मला कधी सांगितले नव्हतेस.
मी म्हणालो, "समितीपुढे मात्र नको." ती "बरं" म्हणाली.

२४ जानेवारी, शुक्रवार
विचारले — मिठाचा भाव दुप्पट झाला, तर खपाचे काय होईल? पडदा रिकामा. एकही बोट हलेना. समितीतील गृहस्थांनी चष्मा पुसायला घेतला. प्राचार्यांकडे पाहवेना.
टेबलावर तुझा रिमोट होता. सर्वांना दिसेल असा उंचावला आणि ड दाबला : खप पूर्ण बंद होईल.
मागून आवाज — "म्हणजे आळणीच जेवायचं व्हय, सर?" वर्ग हसला. पट्ट्या भराभर वाढल्या, निम्म्या चुकीच्या. मग मुले आपापसांत वाद घालू लागली. कितीतरी दिवसांनी मला शिकवावेसे वाटले.
प्राचार्य दारात एवढेच म्हणाले, "सर, शिक्षकानेच चुकायचे?"
खोली गेली.

२७ जानेवारी, सोमवार
वर्ग माझ्या जुन्या खोलीत घेतला. रिमोट नाहीत. प्रश्न फळ्यावर लिहिला, पहिला हात मीच वर केला आणि चुकीचे उत्तर दिले. "चुकलं की, सर," काशम्मा म्हणाली. मग एकेक हात वर येत गेला.
सायंकाळी तुझा फळा पुसला. दाराला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या.