डाव्या बाजूची तोटी

डोंगरकडा, बुधवार, १८ ऑगस्ट १९७६

फवारणीच्या पंपाचं पत्रक मीच लिहिलेलं. ‘डाव्या बाजूची तोटी आधी बंद करा.’ किती सोपं वाटलं होतं! आज कापसाच्या कडेला यमुनाबाई ते मोठ्यानं वाचत होत्या आणि त्यांचा नवरा पंप पाठीवर घेऊन तसतसं करत होता. त्याचा डावा हात मागं चाचपडत राहिला, आणि पाणी उजव्या पायावरून वाहून गेलं. नुसतं पाणी होतं म्हणून बरं. उद्या त्यात विषारी औषध असणार होतं.

यमुनाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “साहेब, ह्ये लिवताना पंप पाठीवर नव्हता व्हय?”

नव्हता. टेबलावर होता, पाठीला टेकणारी बाजू माझ्याकडं करून. मग डावी बाजू कुणाची? माझीच की!

दिवेलागणीला रिकामा पंप पाठीवर घेऊन अंगणात फिरलो. डोळे मिटले, तर कापूस गुडघ्यांना लागतोय असं वाटलं. हात आपोआप मागं गेला. तोटी उजवीकडं.

‘डाव्या बाजूची’ खोडलं. ‘जेवायच्या हाताकडची’ लिहिलं.

आणि आत्ता, हे लिहिताना खांदे का दुखतायत ते कळलं. पंप अजून पाठीवरच आहे.