खाणीत टाकायचं दार

१२ जाने. ९६
गावभागातलं पाडकाम आज आवरलं. अख्ख्या घराचा राडारोडा, आणि खाणीत गेली फक्त एक ट्रॉली, ती पण शिगेला नाही. सागवान विकलं गेलं. शहाबादी फरशी एका दूधवाल्यानं गोठ्याला नेली. विटांचे तुकडे कोब्याला, चुनामाती कॉलनीतल्या खोलगट प्लॉटवर भर म्हणून. हे म्हणाले, "तू एक दिवस धुरळा पण पोत्यात भरून विकशील." म्हटलं गिऱ्हाईक आणा, विकते.

ह्यांना चेष्टा वाटते. खाण आमच्या वस्तीला लागून आहे, विहाराच्या मागं. मी लहान असताना सगळ्या बायका तिथं धुणं धुवायच्या. आता अर्धी खाण शहराच्या फुटक्या भिंतींनी भरली, राहिलेलं पाणी ताकासारखं पांढरं. पावसाळ्यात आईच्या पायात काच गेली, महिनाभर लंगडत होती. पाडकामाचा धंदा आपलाच, आणि घाण आपल्याच आईच्या दारात. म्हणून माझा हट्ट, जे वापरात येईल ते खाणीत जायचं नाही.

१९ जाने.
नवीन काम मिळालं. मिरज रोडला जुनं कौलारू घर, पाडून तिथं फ्लॅट होणार. मालक गोड बोलणारा, पान खाणारा. सगळं ठरलं आणि उठता उठता म्हणतो, "मागचं स्वयंपाकघर आहे ना, त्यातलं काही विकायचं नाही. वीटसुद्धा नाही. सगळं खाणीत. त्याचं वेगळं देतो." मी विचारलं का. म्हणाला, "ती खोली आम्हाला लाभली नाही."

अशी माणसं भेटतात. कुणी म्हणतं उंबरा विकू नका, कुणी देव्हाऱ्याची फळी नदीत सोडतं. पण अख्खी खोली? ह्यांनी लगेच मान डोलावली. मी मात्र घरी येईपर्यंत तोंड फुगवूनच होते.

२४ जाने.
पुढच्या दोन खोल्या उतरल्या. विटा चुन्यातल्या, सुरेख निघतात, दोन टोले मारले की मोकळ्या. हौसामावशी आमच्याकडं विटा साफ करायला असते, हात मशीनसारखे चालतात. आज सारखी थांबत होती. ओरडले तिच्यावर. तेव्हा म्हणाली, "ह्या घरात माझ्या गावची पोर दिली होती गं. सुरेखा. मागच्या साली जळून मेली. त्याच सैपाकघरात."

मग मला आठवलं. पेपरात आलं होतं, चार ओळी. स्टोव्हचा भडका, विवाहितेचा मृत्यू. दार आतून बंद होतं, घरच्यांनी फोडलं, तोवर उशीर झाला.
आपण अशा ओळी वाचतो आणि पान उलटून हळदीचा भाव बघतो.

२७ जाने.
स्वयंपाकघर पाडलं. भिंती धुरकट, ओट्यावरची एक बाजू काळीकुट्ट. बायांनी हात लावायला नको म्हटलं, गड्यांनी पाडलं. सगळ्या ट्रॉल्या सरळ खाणीत. चांगल्या चुन्यातल्या विटा, डोळ्यांदेखत.

दार मात्र ठेवलं. चौकटीसकट. खरं लिहायचं तर सुरेखासाठी नाही ठेवलं, सागवान होतं म्हणून ठेवलं. आतल्या अंगानं करपलंय, पण रंधा मारला की निघेल असं वाटलं. कौलांखाली घालून वखारीत आणलं. ह्यांना संध्याकाळी कळलं. "शब्द दिलाय मालकाला," म्हणाले. म्हटलं शब्द तुम्ही दिलाय, मी नाही.

२८ जाने.
कड्या, बिजागऱ्या आम्ही वेगळ्या काढून विकतो. त्या काढायला दारापाशी बसले.
आतली कडी धडधाकट. नुसती काजळी धरलीय, कुठं वाकली नाही. चौकटीत जिथं ती अडकते तो कोयंडा जागच्या जागी, सरळ.
बाहेरच्या कडीचा कोयंडा वाकडा. स्क्रू निम्मे उपटलेले, लाकूड चिरफाळलेलं.

रोज दारं फोडून काढणं हाच आमचा धंदा. दार आतून बंद असेल आणि बाहेरनं फोडलं, तर आतला कोयंडा तुटतो. हा बाहेरचा तुटलाय. म्हणजे कडी बाहेरून लावलेली होती. आणि आतून कोणीतरी दार ओढत होतं.

पेचकस खाली ठेवला. काहीच काढलं नाही. पाणी प्यायले, परत आले, परत बघितलं. तसंच होतं.

३० जाने.
ह्यांना दाखवलं. बराच वेळ वाकून बघत राहिले. ह्यांना पण कळलं, न कळायला काय झालं, माझ्याआधीपासून हेच काम करतात. मग म्हणाले, "उद्या खाणीत टाकून येतो."
मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचं असतं तर?"
"माझ्या बहिणीचं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "आपण कोण, ते कोण, हे तुला सांगायला पायजे का?"
भांडण. जेवण कुणीच केलं नाही. पोलिसात जाऊ म्हटलं तर म्हणतात आधी विचारतील, टाकायला दिलेलं दार तुमच्या वखारीत कसं? चोरी लागेल. ते पण खरं आहे. राग त्याचाच येतो, की त्यांचं खरं असतं.

१ फेब्रु.
आईकडं गेले. खाणीच्या कडेला त्या खोलीच्या काळ्या विटा पडल्यात, एकीवर अजून हळदीकुंकवाची बोटं आहेत. आई म्हणाली, "हे कुणाच्या घरचं गं? पोरीबाळी तिकडं जाईनात." मी म्हटलं माहीत नाही. आईशी खोटं बोलले. चहा घेतला आणि निघाले.

४ फेब्रु.
हौसामावशी गावाकडं निघाली, कुंडलच्या अलीकडं. सुरेखाच्या बापाला निरोप दिला: सांगलीला आलात तर वखारीत येऊन जा. का, ते सांगू नको म्हटलं. मावशीनं विचारलं नाही. तिनं दार बघितलंय.

८ फेब्रु.
आले. मला वाटलं होतं म्हातारा असेल, पण ह्यांच्याच वयाचे. पांढरी टोपी, पायात नव्या चपला, बहुतेक सांगलीला यायचं म्हणून घातलेल्या. आप्पा म्हणतात त्यांना गावात. चहाला नको म्हणाले.

दारावर झाकलेले पत्रे बाजूला करून ते उभं केलं. मी काही सांगितलं नाही, घाबरले होते. त्यांनी आधी आतल्या बाजूनं हात फिरवला. हाताला काजळी लागली, ती बघत राहिले. आतली कडी वर उचलून चौकटीत लावून बघितली. लागली.
"ही तर नीट हाय."
मग मागं गेले. बाहेरचा कोयंडा बघितला. तिथंच खाली बसले, विटांच्या ढिगावर.

हे पण बाजूला उभे, हातातली विडी विझलेली.
आप्पा म्हणाले, "मला फौजदारानं सांगितलं, तुमच्या पोरीनंच कडी घातली. मी घरी जाऊन बायकोला तेच सांगितलं. अक्का, मी माझ्याच पोरीला शिव्या घातल्या वो. लेकरू बाहेर टाकून मेली म्हणून."

लेकरू म्हणजे सुरेखाची मुलगी. अजून शाळेत घातलेली नाही, त्याच लोकांकडं असते, बापाकडच्या आजीजवळ. आप्पांना दोनदाच भेटू दिलं.
मी म्हटलं, "आप्पा, दार इथं आहे. वकील बघा. म्हणाल तिथं मी येऊन सांगते, कुठनं काढलं ते." ह्यांनी माझ्याकडं बघितलं पण अडवलं नाही.
आप्पा म्हणाले, "नात त्यांच्याकडं हाय."
उठताना म्हणाले, ठेवा, मी येतो. कवा ते बोलले नाहीत.

११ फेब्रु.
आप्पांचा पत्ता नाही.
मालकाचा दिवाणजी वखारीत आला. जुनी खिडकी बघायची म्हणे. ज्यांचे फ्लॅट होणार त्यांना जुनी खिडकी कशाला? सगळीकडं नजर फिरवत होता. जाता जाता ह्यांना विचारलं, "त्या खोलीचं सगळं गेलं ना खाणीत?"
हे म्हणाले, "गेलं."
मी दारावरच्या पत्र्याच्या ढिगावर बसून भाजी निवडत होते. दिवाणजी गेल्यावर बघितलं तर देठं टोपलीत आणि भाजी खाली.
ह्यांच्याशी दहा-बारा दिवसांनी नीट बोलले आज.

१५ फेब्रु.
विश्रामबागला लहान काम. दहा-बारा वर्षांचीच भिंत, पण सगळी सिमेंटमधली. वीट फुटते पण सिमेंट सोडत नाही. हौसामावशीनं दिवसभर ठोकून मूठभर विटा शाबूत काढल्या, खोकून खोकून डोळे लाल. पुढं सगळी घरं अशीच असणार. तेव्हा खाणी पुरायच्या नाहीत. मी किती निवडणार आणि कुठं ठेवणार?
मन लागत नाही कशात. दारावरचे पत्रे वाऱ्यानं वाजले तरी दचकते.

१९ फेब्रु.
आप्पा आले. कडेवर मुलगी.
मला आधी आनंदच झाला. गोरीपान, केसाला लाल रिबीन, हातात बिस्किटाचा पुडा. आप्पा खाली बघूनच बोलत होते.

"मी गेलो व्हतो त्यांच्याकडं. सांगितलं, दार बघितलंय म्हणून."
मी म्हटलं, "आमचं नाव घेतलंत?"
"घ्यावं लागलं, अक्का. माफ करा. त्ये आधी हसले. मग आत गेले, लय येळ बोलत बसले. बाहेर आले तवा पोरगी माझ्या हातात दिली. म्हणले, घेऊन जा, सांभाळ. केसबिस काय करायची न्हाई. आणि दार खाणीत गेलं पायजे."

रागानं तोंडात आलं होतं, लेक विकलीत. बोलले नाही. त्या माणसाची एक लेक त्या घरात जळाली, तिच्या पोरीला त्यानं तिथनं काढून आणलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. आणि हौसामावशी तर पदर डोळ्याला लावून पोरीचे पापे घेत होती.

एवढ्यात पोरगी कडेवरनं उतरून वखारीत फिरायला लागली. लहान पोरं फिरतातच, आम्ही लक्ष दिलं नाही. बघितलं तेव्हा दारापाशी होती. सकाळी ह्यांनी पत्रे विकायला काढले होते, दार भिंतीला टेकून तसंच उघड्यावर होतं, बाहेरची बाजू आमच्याकडं. तिनं तळहातानं दारावर थाप मारली. थांबली. कान लावला. परत थाप मारली, जरा जोरात. परत थांबली.
रडली नाही की काही नाही. पुडा दुसऱ्या हातात तसाच.

आप्पांनी तिला उचललं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "टाका अक्का. पाया पडतो. न्हाईतर त्ये परत न्यायला येतील हिला." आणि एस.टी. चुकंल म्हणून निघाले.

२० फेब्रु.
दुपारी दिवाणजी येऊन गेला. सायकलवरनं उतरला पण नाही. परवा मालक स्वतः खाण बघायला येणार म्हणे.

सगळं उलटंसुलटं करून बघते. दार टाकलं तर ते निर्धास्त. मग उद्या पोरगी परत मागायला आले, तर आप्पा कशाच्या जोरावर नाही म्हणणार? आज ती आजोळी आहे ती ह्या दाराच्या भीतीनं. आणि नाही टाकलं तर ते इथं येणार, आमच्या धंद्यावर, आमच्या पोरांवर. आप्पांना हे कळत नाही असं नाही. त्यांना फक्त आजचा दिवस दिसतो, आणि मी त्यांना नावं कशी ठेवू?

ह्यांना सगळं बोलून दाखवलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "दुसरं एखादं दार करपवून खाणीत टाकलं तर?" हे बोलले! मग स्वतःच म्हणाले, ती त्या घरातली माणसं, स्वतःचं दार ओळखतील. कोयंडा तर बघतीलच.
मी म्हटलं कोयंडा काढून ठेवते. म्हणाले नुसता कोयंडा कोण मानणार?

उद्या विश्रामबागचं शेवटचं भरायचं आहे, सिमेंटचा सगळा चुरा. ट्रॉली खाणीलाच जाणार, त्याला इलाज नाही. ट्रॅक्टरवाला विचारून गेला, अजून काही टाकायचंय का. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आधी चुरा भरा, मग बघू.