शेवटचे सगळे येस

रविवार, २ मार्च
नागरिकत्वाचा फॉर्म शेवटच्या पानावर आला. पत्ते, नोकऱ्या, पाच वर्षांतले प्रवास, सगळं तीनदा तपासलं. विलासमामा शेजारी बसला होता. त्याने स्वतःचा, मामीचा आणि इथल्या निम्म्या अर्विंग गावाचा फॉर्म भरलेला आहे. "हे बघ, वरचे सगळे नो, शेवटचे सगळे येस. वाचत बसू नकोस."
मी वाचत बसलो. कायद्याने सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल का? येस. नो. तिसरा चौकोन नाही.
"क्लिक कर ना यार, पोहे गार होताहेत."
सेव्ह केलं. बंद केलं. पोहे खाल्ले.

सोमवार, ३ मार्च
मुग्धाचा फोन. अकोल्यात तिची शाळेत निघायची वेळ, ती चौथीला शिकवते. साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. मी नागरिक झालो की तिचे कागद लवकर होतील. ग्रीन कार्डवर राहिलो तर वाट बघायची, किती ते कुणी सांगत नाही. म्हणून ही घाई.
प्रश्न वाचून दाखवला. "तुला झुरळ मारता येत नाही हे सरकारला माहीत आहे का?" बराच वेळ हसली. मग, "नो लिहिलंस तर किती लांबेल?"
माहीत नाही म्हटलं.
"भांडत नाहीये मी. विचारतेय."

बुधवार, ५ मार्च
मी काम करतो त्या दुकानात आज पोहण्याच्या शर्यतीच्या बक्षिसांवरच्या बेचाळीस पाट्या. नावं कोरून झाली, एकही परत करावी लागली नाही. बाराला वादळाच्या भोंग्याची चाचणी झाली, महिन्याचा पहिला बुधवार. पाच वर्षं ऐकतोय, तरी हातातलं टाकून आभाळाकडे बघतो. मि. डेलही थांबतात. (मालक. पंचाहत्तरीचे. सगळे त्यांना असंच म्हणतात.) पण ते जमिनीकडे बघतात.

शनिवार, ८ मार्च
फॉर्ममध्ये आणखी एक नंबर मागितलाय, सैन्यभरतीच्या यादीतला. म्हणजे माझं नाव त्या यादीत आहे. मामाला विचारलं. "अरे, आलास त्याच महिन्यात टाकलं की. सगळ्या मुलांचं टाकतात."
मामाने आईसाठी अर्ज केला तेव्हा मी बालवाडीत होतो. व्हिसा आला तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमा तिकडेच राहिला. त्या गडबडीत मामाने कागद पुढे केला आणि मी सही केली. न वाचता. मी.

मंगळवार, ११ मार्च
कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञानाचा संध्याकाळचा तास. प्रो. सालिनास आता अठराव्या शतकावर आल्यात, युद्ध आणि शांतता. एक जर्मन तत्त्वज्ञ, लग्न केलं नाही, आपल्या गावापासून फार लांब कधी गेला नाही, रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा. त्याने सगळ्या देशांमधल्या शांततेचा मसुदा लिहिला, घरभाड्याच्या करारासारखा, कलमवार. मला हा माणूस एकदम आवडला.
एक कलम: पुढच्या युद्धाचा बेत मनात ठेवून केलेला तह हा तह नव्हे, ती दम खायची सुटी. दुसरं: मारायला आणि मरायला माणसं पगारावर ठेवणं म्हणजे माणसाचं अवजार करणं. आणि खोटं कधीच बोलायचं नाही, खुनी दारात उभा राहून पत्ता विचारत असला तरीही. यावर वर्गात गदारोळ. मला मात्र बरं वाटलं. नुसत्या फॉर्मवरसुद्धा खोटं लिहू नये असं वाटणारा मी एकटा नाही.

रविवार, १६ मार्च
मामाकडे इंटरव्ह्यूची तालीम. मामाच्या अंगात वर ब्लेझर, खाली बर्म्युडा.
"कधी कम्युनिस्ट पार्टीचे मेंबर होता?"
"नो."
"मी कॉलेजात एका मोर्चात गेलो होतो. वडापाव होता म्हणून. तू नोच म्हण. सराईत दारुडे आहात का?"
आई स्वयंपाकघरातून: "अरे, तो ताकसुद्धा गाळून पितो."
मग तो प्रश्न. मी पाण्याचा ग्लास उचलला. मामाने ब्लेझर काढला. "हे बघ, उद्या घरात कुणी घुसला, आईच्या अंगावर धावून गेला, तर काय करशील?"
"हाताला लागेल ते उचलीन."
"झालं. येस."
आई बाहेर आली, हाताला कणीक. "विलास, ते दार आहे. युद्ध नाही."
मामाने ब्लेझर पुन्हा चढवला. मग म्हणाला, "ताई, तुझा इंटरव्ह्यू होऊन गेलाय."

मंगळवार, १८ मार्च
आजचं कलम सगळ्यात मोठं. युद्धाचा भार ज्यांच्यावर पडणार, त्यांना आधी विचारा. राजाला युद्ध सोपं वाटतं, कारण त्याचं एक वेळचं जेवणही चुकत नाही. ज्याचा मुलगा जाणार, ज्याचं घर जळणार, तो दहा वेळा विचार करील.
मागच्या बाकावरून कुणीतरी: पण आजकाल तर लोकच युद्धासाठी ओरडतात. प्रोफेसर: "हो. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या मंगळवारी तुमच्याकडे असलं तर आणा."
त्याच विचारात घरी येईपर्यंत गाडीतला रेडिओ लावायचा राहून गेला.

शुक्रवार, २८ मार्च
मि. डेलना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं की महिनाभर एकच पाटी पाच वेळा का पुसतोयस.
त्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, एकोणिसाव्या वर्षी मला सैन्यात भरती व्हायचं पत्र आलं. कुठे हजर व्हायचं, किती वाजता. त्या पत्रात एकही प्रश्न नव्हता.
"गेलात?"
"गेलो. आणि जे गेले नाहीत त्यांना वीस वर्षं शिव्या दिल्या."
"मग?"
"मग दमलो."
पुन्हा मशीन लावता लावता: "मला विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मला अजून माहीत नाही. तुला विचारताहेत. सांगून टाक."
घरी येताना सिग्नलला एकटाच हसलो. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली. खरंच की. डिप्लोमा सोडायचा का, कुणी विचारलं नव्हतं. यादीत नाव घालायचं का, नव्हतं विचारलं. आणि आता केवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल एक अख्खा देश मला विचारतोय, आणि मी महिनाभर त्याला त्रास समजत बसलोय. दोन आइस्क्रीम घेतली. आईचं वितळलं, तरी तिने चमच्याने खाल्लं.

रविवार, ३० मार्च
मु.ला सगळं सांगितलं. नो लिहायचं ठरतंय असं वाटतं. सोबत कारण देणारं पत्र जोडता येतं, नागरिकत्वाच्या शपथेतले शस्त्राचे शब्द वगळून मागता येतात.
ती: "खरं सांग. तत्त्व की भीती?"
मी चार्जर शोधायला लागलो.
"मला दोन्ही चालेल. पण तुला माहीत असायला हवं."
दिवसभर तेच. मी लिफ्टला भितो, मधमाश्यांना भितो, बँकेतल्या माणसाला भितो. मग हे तत्त्व कशावरून?

मंगळवार, ८ एप्रिल
पत्राचा सातवा खर्डा. प्रो. सालिनासना दाखवला. पहिल्या परिच्छेदावर त्यांनी सरळ रेघ मारली. "हा काढ. इथे तू माफी मागतोयस." उरलेलं पाऊण पान. इतकं कमी लिहून कुणाला काही पटतं का? वाचून बघितलं. पटतं.

शनिवार, १२ एप्रिल
सबमिटवर बोट होतं, तेवढ्यात लक्षात आलं. भार ज्याच्यावर पडणार त्याला आधी विचारायचं. मी नो लिहिलं तर वाट कोण बघणार? अकोल्यात कोण थांबणार? आणि मी मु.ला काय ठरतंय ते सांगितलं, विचारलं कुठे?
लगेच फोन. ती कपडे वाळत घालत होती. "मी नो लिहू का? तुला नको असेल तर तसं सांग."
"हे कुठलं कलम?"
"तेच. ज्यांच्यावर भार पडतो."
"जर्मन काकांनी बायकोला विचारायचं लिहिलंय?"
"त्यांना नव्हती."
चिमटे लावायचा आवाज येत राहिला. म्हणाली, उद्या सांगते.
ती येस लिही म्हणाली तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही. ठरवून विचारलं असतं तर ते विचारणं झालं नसतं.

रविवार, १३ एप्रिल
मु.चा निरोप सकाळी सहाला: "नो लिही. मी माझ्या बाबांशी बोलले, ते दोन दिवस चिडतील. डिसेंबर मात्र हलणार नाही."
नो. त्याखाली, शस्त्राशिवाय सैन्यात काम कराल का: येस. गरज पडली तर इतर नागरी काम कराल का: येस. पत्र जोडलं. सबमिट.
नंतर आई-मामाला सांगितलं. जेवताना मामा कढी दुसऱ्यांदा घेत म्हणाला, "माझ्या हाताखालून गेलेला पहिला नो." त्याला वाईट वाटलं की बरं, कळलं नाही. पण रात्री फोनवर कुणाला तरी तेच सांगत होता, आणि आवाज चढा होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर
इंटरव्ह्यू. दीड तास आधी पोचलो. पार्किंगमध्ये गाडी दोनदा हलवली, रेघेवर चाक होतं. मि. डेलनी सुटी दिली आणि स्वतःचा टाय दिला, बदकांचा.
अधिकारी बाई शांत. इतिहासाचे दहा प्रश्न असतात, सहा बरोबर आले की थांबतात. सहाला थांबल्या. मला उरलेले चारही येत होते.
मग पत्र काढलं. दोनदा वाचलं. विचारलं, गोळीबारात जखमी माणसाला उचलून आणायला सांगितलं तर? आणीन म्हटलं. शत्रूचा असला तर? त्यालाही. आधी जो जवळ असेल तो.
मग चष्मा काढून, साध्या आवाजात: "सर, हे तत्त्व आहे की भीती?"
तोच प्रश्न. मार्चपासून ज्याचं उत्तर नव्हतं. आणि तोंडून निघून गेलं: "मॅडम, भीती मला सगळ्याचीच वाटते. आज इथल्या पार्किंगचीसुद्धा वाटली. पण ज्याची भीती वाटते ते मी रोज करतो. हे मी करणार नाही."
त्या लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पार्किंगची मलाही वाटते."
कागद दिला. पास झालात, इंग्रजी आणि इतिहास दोन्ही. खाली दुसऱ्या चौकोनावर खूण: निर्णय आत्ता देता येत नाही. किती दिवस, त्यांनाही सांगता येईना.
बाहेर चौतीस डिग्री ऊन. गाडीत बसून आईला फोन केला आणि इतकं हसायला आलं की तिला वाटलं पास झालो. तसा झालोच.

रविवार, २१ सप्टेंबर
निर्णयाचं पत्र अजून नाही. मामाने आज दोनदा विचारलं, मि. डेलनी काल एकदा.
मु.ने पार्किंगचा भाग तीनदा सांगायला लावला. मग, "आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर?"
"तर डिसेंबरात येतो, लग्न करतो, एकटा परत येतो, पुन्हा अर्ज करतो."
"त्यातही नो?"
"हो. तुला विचारून."
"बरं. सोमवारची सुटी आहे मला. जर्मन काकांचं एखादं कलम राहिलंय का?"
एक राहिलं होतं. परक्या देशात शांतपणे आलेल्या माणसाला, केवळ तो परका आहे म्हणून, शत्रू समजायचं नाही. आणि हे दया म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून. पृथ्वी गोल आहे, माणसं कुठवर पांगणार, शेवटी एकमेकांशेजारीच राहायचं आहे.
ती ऐकत होती. म्हणाली, "छान आहे. सगळ्या देशांनी सही केलीय का यावर?"
अजून नाही, म्हटलं.