हातातल्या चौतीस रजा

८ ऑक्टोबर, रविवार

हरलो! तेही हातात सहा पत्ते असताना. लढाईच्या पत्त्यांच्या डावात बायकोनेच हरवलं. चिनामीने तिसऱ्याच फेरीत साखळी लावली — एक पत्ता टाकला की दुसरा येतो, त्यावर तिसरा — आणि हात पार रिकामा करून मला संपवलं. मुरोईकाका गल्ल्यावरून ओरडले, "जावईबापू, उरलेल्या पत्त्यांचं काय लोणचं घालणार?" आमचं त्यांच्या पत्त्यांच्या दुकानात खेळताना जुळलं, म्हणून मी जावई.

माझं गणित चुकीचं नाही. माझा एक पत्ता घालवून तिचे दोन मारायचे, हात भरलेला ठेवायचा. साखळी मधेच तुटली की तिच्याकडे बचावाला पत्ता उरत नाही, ती उघडी पडते. दहातले सहा डाव मीच जिंकतो. ते कोणी बोलत नाही!

१४ ऑक्टोबर, शनिवार

चिनामीचा दवाखाना. तिच्या पोटातली गाठ वाढलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "सध्या बरं चाललंय. कुठं जायचं असेल तर जाऊन या."

बसमध्ये चिनामी म्हणाली, "कोचीला जाऊ. आईकडे, चार दिवस. समुद्रावर बसून पेंढ्याच्या जाळावर भाजलेला मासा खायचाय मला."

बघू, म्हटलं.

१५ ऑक्टोबर

रजा मोजल्या. चौतीस! कायद्याने घ्याव्याच लागतात तेवढ्या सोडल्या तर एकही घेतलेली नाही. सर्दीतसुद्धा कामावर गेलो. ती अंथरुणाला खिळली तर शेजारी कोण बसणार? तेव्हाच लागतील. आत्ता चार उडवल्या की तेव्हा चार कमी.

हे तिला सांगितलं. म्हणाली, "अरे, तेव्हा मी झोपलेली असेन. तुला घेऊन काय करू? आत्ता जागी आहे ना मी!" मग म्हणाली, "हातात पत्ते धरूनच हरशील तू."

मी चिडलो. "हा काय खेळ आहे?"

"मोजत तूच बसलायस."

५ नोव्हेंबर, रविवार

दुकानात गेलो. औषधांनी चिनामीचे केस गेलेत; ती टोपी न काढताच खेळली. घाईने साखळी लावायला गेली, मी मधेच तोडली. तिचा हात रिकामा, माझ्याकडे सात. जिंकलो.

"मजा आली?" तिनं विचारलं.

नाही आली.

१९ नोव्हेंबर

ठरलं! एप्रिलमध्ये नव्या वीस रजा जमा होतील, तेव्हा कोची. ती नुसतं "बरं" म्हणाली. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

नंतर फोनवर आईला सांगत होती, "नाही गं, त्याला सुट्टीच मिळत नाही. तो तरी काय करणार?"

मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिलो.

२ डिसेंबर, शनिवार

काल दुपारी चिनामीला ताप चढला. शेजारच्या बाईंनी दवाखान्यात नेलं, मला कारखान्यात फोन केला. नुसता ताप आहे म्हणाल्या, म्हणून पाळी संपवून निघालो. पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती.

अजून बोललेली नाही.

३ डिसेंबर

चिनामी गेली.

१० डिसेंबर

चिनामीची आई कोचीला परत गेली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "तुम्हाला सुट्टी मिळाली नाही, माहितेय मला. मनाला लावून घेऊ नका."

मी मान हलवली. खरं सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटते माझी मला.

१८ डिसेंबर, सोमवार

कामावर गेलो. ऑफिसातल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बायको गेली की कंपनी दहा दिवस वेगळे देते. तुमच्या रजेतून काही कापलेलं नाही."

चौतीस आहेत. सगळ्या.